आधी कुणी ऐकलं

९ जानेवारी

वर मायना लिहिलेला नाही, तो मुद्दाम. ‘ठमे’ लिहायला हात वळत नाही आणि नुसतं ‘प्रिय’ लिहिलं तर खोटं होईल.

घोगरीच्या ऑफिसचं माहितीपत्रक काल आलं. तुलाही आलं असेलच, तुला काय आता सगळं माझ्या आधी येतं. तिच्या गाण्याच्या पस्तीस वर्षांचा संच निघतोय, सात रेकॉर्डी, सोबत पुस्तिका. पुस्तिकेत जुन्या श्रोत्यांच्या आठवणी. आणि पहिल्याच पानावर म्हणे ‘दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी राहिलेली मुलगी’. खाली तुझं नाव. मी लॅबमध्ये होते. हातात एका गिऱ्हाइकाची वरची कवळी होती, घासायला घेतलेली. ती इतकी घासली गेली की परत पहिल्यापासून करावी लागली. दिवसभर लोकांचे दात करायचे आणि आपण कुणावर तरी दात खात बसायचं, अशी माझी गत झालीय.

ही गोष्ट कुणाची आहे, हे तुला मी सांगायला हवं? बाबांचे बूट शिवायला टाकले होते, ते आणायला गेलेली मुलगी. शेजारी टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुरुस्तीवाल्यानं एक टेप उघडून ठेवलाय आणि मोटरचा वेग जुळवायला एकच गाणं पुन्हा पुन्हा लावतोय. मोटर हळू फिरतेय, म्हणून गाणाऱ्या बाईचा आवाज जाड, घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून, बुटांची पिशवी छातीशी धरून ती मुलगी दोन तास उभी. दुरुस्तीवाला विचारतो, काय पाहिजे? ती म्हणते, काही नाही, परत लावा. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलेय. पाहुण्यांना, लॅबमधल्या बायकांना, रांगेतल्या अनोळखी माणसांना. तू शेजारी बसून मान डोलवायचीस. बाईंना ‘घोगरी’ हे नावसुद्धा त्यातूनच पडलं, आणि ते जगात फक्त आपण दोघीच वापरतो.

आणि गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात तू स्टेजवर चढून, रेडिओवर थेट प्रक्षेपण चालू असताना, म्हणालीस, ‘मी दुकानासमोर उभी होते.’ मी!

टोपलीतून तिकीट निघालं तेही तुझंच. मध्यंतरात सगळे आपापलं अर्धं तिकीट टोपलीत टाकतात, घोगरी डोळे मिटून एक उचलते, ज्याचं निघेल त्यानं वर जायचं आणि गाणं सांगायचं. अठ्ठावन्न कार्यक्रमांत मी अठ्ठावन्न तिकिटं टाकली. माझं एकदाही निघालं नाही. तू माझ्या निम्म्याहून कमी कार्यक्रम पाहिलेस. आणि मी कुठे होते त्या दिवशी? घरी, पाय प्लॅस्टरमध्ये. वरच्या फळीवरच्या रेकॉर्डी सालवार लावताना स्टुलावरून पडले होते.

त्या दिवशी फोनवर मी तुला चोर म्हणाले. ते मागे घेत नाहीये. तू त्यानंतर फोन केलास तेव्हा मी उचलला नाही, तेही बरोबरच केलं.

मला हेवा वाटतो असं समजू नकोस. हेवा वाटावा असं तुझ्याकडे आहे तरी काय? संग्रह माझ्याकडे आहे. एकतीसच्या एकतीस अल्बम, शिवाय रेडिओवरून उतरवलेल्या कॅसेटी, प्रत्येकीवर तारीख. मला फक्त सांगायचं होतं की मी माहितीपत्रक वाचलंय. बाकी मी काही करणार नाही. जे चाललंय ते चालू दे.

ताई


२ फेब्रुवारी

परवा कार्यक्रम होता, इथल्या मोठ्या सभागृहात. सवयीनं दोन तिकिटं काढली. घरी आल्यावर लक्षात आलं. परत करायची तर पुन्हा रांगेत उभं राहा, म्हणून ठेवली. तुझ्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली. एका सद्गृहस्थांनी विचारलं, इथे कुणी आहे का? मी म्हटलं, येतंय माणूस. दुसरं गाणं संपेपर्यंत ते मागे वळून वळून बघत होते, येतंय का माणूस म्हणून.

घोगरी छान गायली. आवाज आता वर जाताना जरा अडतो, पण ती ते लपवत नाही, तिथेच थांबते, हसते, पुढे जाते. तू असतीस तर रडली असतीस. तुला कुठेही रडू येतं.

नंतर रेकॉर्डींवर सही घ्यायची रांग. मी चौथी होते. मी टेबलाशी गेले, कव्हर पुढे केलं, तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून ती काय म्हणाली असेल? म्हणाली, ‘तुमची बहीण नाही आली?’

ठमे, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अठ्ठावन्नचे परवा एकोणसाठ झाले. तिच्या आईच्या आजारपणात तिनं दोन वर्षं गाणं बंद केलं तेव्हा दर महिन्याला पत्र कोण पाठवत होतं? मी. गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पहिला कार्यक्रम अर्धा रिकामा होता, तिथे पहिल्या रांगेत कोण होतं? मी, आणि तू माझ्या शेजारी, मी ओढत आणली म्हणून. आणि तिला लक्षात कोण राहिलं, तर बहीण. मी म्हटलं, ती गावाला असते, तिला वेळ नसतो. सही घेतली आणि आले. सहीत माझं नावही तिनं विचारून लिहिलं.

आता लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. मागच्या पत्रात लिहिलं होतं की मी काही करणार नाही. ते खरं नव्हतं. तुला पत्र टाकायच्या आदल्याच दिवशी मी ऑफिसला पत्र टाकलं होतं. लिहिलं की पहिल्या पानावरची आठवण खरी आहे, पण माणूस चुकीचं आहे. मूळ प्रसंग माझ्या बाबतीत घडला, मी सोळा वर्षांची असताना. माझी धाकटी बहीण भावनेच्या भरात तो स्वतःचा म्हणून सांगून गेली, तिला दोष देऊ नये. ‘दोष देऊ नये’ हे मी खास लिहिलं, म्हणजे माझा मोठेपणा दिसावा.

तुला राग आला असेल तर लिही. फोन केलास तरी चालेल, या वेळी उचलीन.

ताई


२६ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. पण ऑफिसचं आलं.

त्यांच्या सेक्रेटरीबाई फार व्यवस्थित आहेत. त्यांनी पुरावा मागितला. मी त्यांना त्या दुकानातून घेतलेली कॅसेट पाठवली, कव्हरच्या आत माझ्या अक्षरात तारीख आहे ती. माझा जीव कसा खालीवर झाला असेल ती पाकिटात घालताना! शिवाय सगळी हकिगत नव्यानं लिहून दिली, बूट, पिशवी, मोटर, हनुवटी, सगळं. बाईंनी लिहिलं, इतकं बारकाईनं फक्त ज्याच्या बाबतीत घडलंय तोच सांगू शकतो. पहिलं पान माझ्या नावावर होणार. आणि मे महिन्यात संचाचं प्रकाशन आहे, त्यात टोपली-बिपली काही नाही, मला सरळ नावानं स्टेजवर बोलावणार आहेत. मी ते पत्र लॅबमध्ये तिघींना वाचून दाखवलं. एकीनं तर पेढेच मागितले, इतका माझा चेहरा फुलला होता.

मग शेवटच्या ओळीत बाई लिहितात, ‘आम्ही आपल्या भगिनींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ताई म्हणते तसं करा.’

एवढंच? ताई म्हणते तसं करा? लहानपणी शेवटचा घास मी उचलला तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस. आता तोंडातून चकार शब्द नाही. तू भांडायला हवं होतंस. निदान ‘ताई खोटं बोलते’ असं तरी म्हणायचं होतंस, म्हणजे मी पुढचं पत्र लिहिलं असतं. मी चार मुद्दे काढून ठेवले होते. आता त्यांचं काय करू?

हे तू मुद्दाम केलंस. जिंकायचं ठरवूनच सोडून दिलंस, म्हणजे बाईंच्या नजरेत तू समजूतदार आणि मी हावरी. तुझं हे नेहमीचंच आहे. बाबा तुझं कौतुक करायचे ते यासाठीच, धाकटी बघा कशी चटकन देऊन टाकते. तुझ्या औषधाच्या दुकानातसुद्धा गिऱ्हाइकं तुझ्याशीच बोलायला थांबतात म्हणे, तुझा नवरा सांगत होता. सगळ्यांना तूच कशी आवडतेस, मला एकदा कळू दे.

ताई


१९ मार्च

ठमे,

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे.

रविवारी दुपारी बाबांना जेवायला वाढलं आणि ऑफिसचं पत्र वाचून दाखवलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं, ठळक ठळक. वाटलं, त्यांना आनंद होईल, पोरीचं नाव छापून येतंय. ते भात कालवता कालवता थांबले. म्हणाले, ‘बूट आणायला धाकटीला पाठवलं होतं. तुझी तेव्हा परीक्षा होती.’ मी म्हटलं, बाबा, तुमचा गोंधळ होतोय. ते म्हणाले, गोंधळ कसला, पोर दोन तास आली नाही म्हणून तुझ्या आईनं तुला पिटाळलं, तू पुस्तक आपटून गेलीस. मग ते परत जेवायला लागले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मी भांडी घासली. घासता घासता हनुवटीचा विचार आला. मी सोळा वर्षांची होते, वर्गात सगळ्यांत उंच, बाबांच्या कानापर्यंत यायचे. दुकानाचं काउंटर माझ्या कमरेला लागलं असतं. माझी हनुवटी तिथे टेकणार कशी? तीस वर्षं मी हनुवटी टेकवतेय आणि एकाही माणसानं विचारलं नाही. सेक्रेटरीबाईंनासुद्धा तोच बारकावा आवडला होता.

मग मी ती कॅसेट काढली. नोव्हेंबरातल्या प्रक्षेपणाची.

तुला हे माहीत नाही, म्हणून सांगते. त्या संध्याकाळी तू ‘मी दुकानासमोर उभी होते’ म्हणालीस आणि मी रेडिओचा आवाज शून्यावर आणला. ऐकवेना. पण टेपचं बटण बंद केलं नाही. आवाज बंद असला तरी टेप आत उतरवत राहतो, आणि कार्यक्रम अर्धवट उतरला तर संग्रहात खंड पडला असता. म्हणून प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर ठेवून पाऊण तास मी मुक्या रेडिओसमोर बसून राहिले आणि टेप फिरताना बघत होते. संपल्यावर तारीख घातली, फळीवर तिच्या जागी लावून टाकली. सोळा महिने ती तिथे होती. धूळही पुसली मी तिच्यावरची, पण ऐकली नाही. माझ्यासारखी दुसरी बाई दाखव.

रविवारी ऐकली. तू म्हणतेस, मी दुकानासमोर उभी होते, आठ वर्षांची होते, हनुवटी काउंटरवर होती. मग म्हणतेस, ‘मला शोधत माझी ताई आली. तिनं हात उगारला होता. आणि गाणं कानावर पडलं तशी ती हात तसाच धरून उभी राहिली. दुकान बंद होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच. पुढचं सगळं तिनं केलं. टेप तिनं आणला, कॅसेटी तिनं जमवल्या, मला कार्यक्रमांना हाताला धरून तिनं नेलं. आज पाय मोडून घरी बसलीय. ही गोष्ट ती माझ्यापेक्षा फार छान सांगते, ती असती तर मी तिलाच पुढे केलं असतं.’ आणि गाणं सांगितलंस ते माझं आवडतं. तुझं नव्हे, माझं.

मी तीनदा ऐकली. मला माहीत होतं का, हे तू विचारशील. पहिली काही वर्षं नक्कीच माहीत होतं. पहिल्यांदा मी ही गोष्ट माझी म्हणून सांगितली ती कॉलेजात, एका मुलीवर छाप पाडायला. तू समोर होतीस, काही बोलली नाहीस. मग दुसऱ्यांदा सांगितली, मग दहाव्यांदा, आणि मग बूट माझे, पिशवी माझी, हनुवटीही माझी झाली. उगारलेला हात तेवढा मी काढून टाकला.

चोर मी तुला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच मी फोन लावत बसले होते. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, पुस्तिका छापून आली, बांधणीला गेली, आता काही होणार नाही. मी म्हटलं, पण ती आठवण माझी नाही. त्या म्हणाल्या, अहो, आधी तुम्हीच तर कॅसेट पाठवलीत. खरंच होतं ते.

तुला फोन करायचा धीर होत नाही. तू ‘असू दे ताई’ म्हणशील आणि ते मला ऐकवणार नाही.

ताई


२१ एप्रिल

ठमे,

संच आला. खोका इतका सुरेख आहे की तू हात लावण्याआधी ते धुतले असतेस. पुस्तिकेत पहिलं पान. वर चित्र आहे, काउंटरशी एक लहान मुलगी, पाठमोरी, दोन वेण्या. चित्रकारानं सोळा वर्षांच्या मुलीचा मजकूर वाचून आठ वर्षांची मुलगी काढली, त्यालाही काही तरी कळलं असणार. खाली माझं नाव, ठळक.

मी तुला खोटं सांगणार नाही, आता उपयोगही नाही. बघून मला आनंद झाला. लाज वाटलीच, पण आनंद आधी झाला. मी पान तीन वेळा उघडून बघितलं. लॅबमध्येही नेलं.

प्रकाशन बारा मेला आहे. मी जाऊ की नको, ते तू सांग. तू नको म्हणालीस तर तब्येतीचं कारण सांगून घरी बसेन, शब्द देते. पण तू तसं म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून विचारतेय हेही खरं. माझा हा स्वभाव तुला नवीन नाही.

ताई


१३ मे

ठमे,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. ‘जा आणि छान सांग.’ ते पर्समध्ये ठेवून मी गेले.

सभागृह तुडुंब. माझी खुर्ची पहिल्या रांगेत, पाठीवर माझ्या नावाची चिठ्ठी. मध्यंतरानंतर घोगरीनं पुस्तिका हातात घेतली, पहिलं पान वाचलं आणि मला वर बोलावलं. जिन्याच्या चार पायऱ्या चढून मी वर गेले. तिनं माझा हात हातात घेतला. हात गार होता तिचा, गाणाऱ्या माणसाचे हात गार असतात हे मला माहीत नव्हतं. तिनं माईक माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, आता तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मी ठरवून गेले होते की पहिल्याच वाक्यात खरं सांगायचं. तुझी शपथ. पण समोर आठशे माणसं माझ्याकडे बघत होती, आणि ती शेजारी. मी सांगायला लागले. बूट, पिशवी, उघडा टेप. मोटर कशी हळू फिरत होती ते सांगताना मी आवाज जाड करून दाखवला, घोगरी खळखळून हसली, सगळे हसले. मी हनुवटीसुद्धा टेकवली, ठमे. इतकी छान गोष्ट मी आयुष्यात कधी सांगितली नव्हती. मला वाटत होतं ती संपूच नये.

‘दोन तास?’ घोगरी म्हणाली. ‘आणि घरून कुणी शोधायला नाही आलं?’

मी म्हटलं, ‘मीच आले होते.’

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. तिला कळलं नाही. लोकांनाही नाही, कुणी तरी हसलं. मी परत म्हटलं, शोधायला मी आले होते. उभी होती ती माझी धाकटी बहीण. आठ वर्षांची. मी तिला मारायला आले होते. हे पान तिचं आहे, मी पत्र लिहून माझ्या नावावर करून घेतलं.

घोगरीनं माझा हात सोडला नव्हता. तिनं विचारलं, ‘त्या कुठे आहेत आज?’ मी म्हटलं, तिच्या घरी. मी तिच्याशी दीड वर्ष बोललेली नाही. ती म्हणाली, ‘का?’

मी म्हटलं, ‘कारण तिनं तुम्हाला माझ्या आधी ऐकलं.’

सगळं सभागृह हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या, त्यांना वाटलं मी विनोद केला. घोगरी हसली नाही. मीही नाही. ठमे, दुसरं काही कारण नव्हतं, तेव्हाही आणि आताही. आत्ता हे लिहितानाही पोटात दुखतंय. तू आठ वर्षांची तिथे एकटी उभी होतीस आणि मी घरी भूगोल पाठ करत होते.

तुझी,
ताई